त्र्यंबकच्या तोंडून

उत्तरा : ते सगळं नंतर. आधी मला सांगा भाऊजी, काचेचं तुम्हाला कुणी सांगितलं?

उल्हास : वहिनी, बेल्ट लावा आधी. लावेपर्यंत ही गाडी कोकलत राहते.

उत्तरा : कोकलू दे. भरल्या वर्गात माझ्या मेलेल्या नवऱ्याचं सोंग घेऊन उभे राहिलात, तेव्हा नाही आठवला बेल्ट?

उल्हास : सोंग काय म्हणता! असाइनमेंट होती. प्रोफेसर हॅलोरननं सगळ्यांनाच दिली होती. अमुक माणूस अशा वेळी काय बोलला असता, ते त्याच्या तोंडून बोलायचं. कॉन्स्टँटिनोपलच्या दरबारातले लेखक म्हणे शाळेपासून हाच रियाज करायचे.

उत्तरा : माहितीये मला. तुमच्या शेजारच्याच खुर्चीवर बसते मी. पण बाकीच्यांनी काय केलं ते आठवा. त्या रिटायर्ड फायरमननं त्या पळवून नेलेल्या हेलनच्या नवऱ्याचं भाषण केलं. ग्लोरियानं राजकन्येचं केलं. मी त्या प्रेमदेवाच्या, एरॉस राजाच्या द्वारपालाचं केलं, लोक हसले, मी खाली बसले. तुम्हालाच तेवढा त्र्यंबक सापडला?

उल्हास : तुम्हाला आवडेल असं वाटलं.

उत्तरा : आवडेल!

उल्हास : म्हणजे... बरं वाटेल.

उत्तरा : आणि तेही मराठीत. सगळ्या वर्गात समजणारी मी एकटी.

उल्हास : हॅलोरननंच सांगितलं होतं ना, आधी आपापल्या भाषेत बोला आणि मग इंग्लिशमध्ये थोडक्यात. राजघराण्यातल्या बायका बैठका भरवायच्या, कवी तिथे जुन्या अवघड ग्रीकमध्ये म्हणायचे. अर्ध्या लोकांना कळायचं नाही, तरी टाळ्या पडायच्या.

उत्तरा : तुम्हालाही पडल्या. ग्लोरिया तर डोळे पुसत होती आणि तिला एक अक्षर कळलेलं नव्हतं. मी उठून बाहेर गेले ते पाहिलंत?

उल्हास : पाहिलं. त्यानंतर मी काय बोललो ते मला आठवत नाही.

उत्तरा : मला दारातून सगळं ऐकू येत होतं. ‘उत्तरा, प्रत्येक फोटोत तू कुणाच्या तरी खांद्यामागे असतेस.’ ‘उत्तरा, घरात गणपतीला चाळीस माणसं जेवून जायची आणि तू ओट्यापाशी उभी राहून पातेलं खरवडून खायचीस.’ हे ठीक आहे. महाराष्ट्र मंडळातल्या कुणालाही दिसलं असेल. अगंतुगं केलंत तेही सोडून देते.

उल्हास : ते मी नाही केलं, त्र्यंबकनं केलं. तो काय तुम्हाला अहोजाहो करणार?

उत्तरा : तो काहीच करत नव्हता, भाऊजी. तो बोलतच नव्हता. हा सिग्नल सुटलाय, चला.

उल्हास : हो, हो.

उत्तरा : आणि पुढे काय म्हणालात? ‘पहाटे अंधारात उठून तू माझ्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायचीस आणि परत येऊन झोपल्याचं नाटक करायचीस. आणि मला ते माहीत होतं.’ हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पोटच्या निहारला नाही, माझ्या सख्ख्या बहिणीला नाही. त्र्यंबकला तर नाहीच नाही.

उल्हास : वहिनी, तुम्ही मघाशी द्वारपालाचं फार छान केलंत. ‘राजेसाहेब, आजही नायकाला बागेत घेरी आली, पाणी मारून उठवलंय.’ हॅलोरन किती हसली!

उत्तरा : विषय बदलू नका.

उल्हास : नाही, पण खरंच. त्यांचा प्रत्येक नायक उठसूट बेशुद्ध पडतो. मी उभा जन्म माणसं बेशुद्ध करण्यात घालवला, मला एवढी औषधं लागायची. इथे नुसतं नायिकेनं फूल फेकलं की गडी आडवा.

उत्तरा : भाऊजी, ताकाला जाऊन भांडं लपवू नका. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. काचेखाली ठेवलेलं मला दिसतं आणि नसलेलं पण दिसतं. तुम्ही त्या वाक्याला कागदाकडे पाहिलं नाहीत. बाकी सगळं वाचून दाखवलंत, ते तेवढं पाठ होतं.

उल्हास : तुम्ही आता चिडलेल्या आहात.

उत्तरा : मी चिडलेली नाही. म्हणजे चिडलेय, पण त्यासाठी नाही. अर्धं मिनिट मला खरंच वाटलं की तोच उभा आहे. तोच हाफ स्वेटर, तसाच एक हात खुर्चीच्या पाठीवर. तीन वर्षं झाली त्याला जाऊन, आणि एकदाचा आला तो वॉर्सेस्टरच्या त्या टीचभर कॉलेजात, ‘बिझंटाइन प्रेमकविता’ असं लिहिलेल्या फळ्यापुढे. हसू नका.

उल्हास : नाही हसत.

उत्तरा : हा क्लास तरी मी का घेतला? त्यांच्याकडे सिनियर लोकांना तीनच विषय मोकळे होते. वॉटरकलर, इस्टेट प्लॅनिंग आणि हे. आम्ही इस्तंबूलला गेलो होतो तेव्हा त्र्यंबक बसमध्ये बसून राहिला. गुडघा दुखतोय म्हणाला. त्या बिझंटाइन चर्चचं एवढं सोन्याचं छत मी एकटीनं पाहिलं. म्हटलं, त्या लोकांचं राहिलेलं जरा बघू.

उल्हास : आणि मला ओढलंत.

उत्तरा : तुम्हाला ओढलं कारण मला रूट नाइनवर गाडी चालवायची भीती वाटते. आणि तुम्ही तरी घरी काय करणार होतात?

उल्हास : तेही खरंच.

उत्तरा : निहारला रविवारी उत्तर द्यायचंय.

उल्हास : माहितीये. काय सांगणार?

उत्तरा : घराच्या मागे खोली बांधलीय त्यानं माझ्यासाठी. वेगळं स्वयंपाकघर, वेगळं दार. त्यांच्या चँडलरला मराठी शाळा आहे, तिथे शिकवायला ये म्हणतो. दोन वर्षं मी नाही नाही म्हणतेय. आता तो म्हणाला, आई, ह्या वेळी शेवटचं विचारतो, नाहीतर खोली भाड्यानं देऊन टाकतो. चिडून म्हणाला, पण म्हणाला.

उल्हास : इथे काय वाईट आहे?

उत्तरा : इथे काय आहे? ते डंकिन कॉफीवालं आलं, थांबा जरा. मला तोंड धुवायचंय. हा असा चेहरा घेऊन मी श्रूजबरीत शिरणार नाही, समोरची बाई लगेच विचारेल. तुम्हाला डीकॅफ ना?

उल्हास : हो. साखर नको. वहिनी, सावकाश जा, दाराशी ओलं आहे.

(उत्तरा आत जाते. उल्हासचा फोन गाडीच्या स्पीकरवर वाजतो. क्युपर्टिनोहून त्याची मुलगी अनिका बोलते आहे.)

अनिका : बाबा! सो? कसं झालं? यू डिड इट?

उल्हास : केलं.

अनिका : मराठीत? होल थिंग?

उल्हास : सगळं. टाळ्या पण पडल्या.

अनिका : ओ माय गॉड. आणि उत्तरामावशी?

उल्हास : ती मध्येच उठून बाहेर गेली.

अनिका : बाबा... आर यू ओके? कुठे आहेस तू?

उल्हास : डंकिनच्या पार्किंगमध्ये. ती आत तोंड धुतेय. मला विचारतेय, काचेचं कुणी सांगितलं.

अनिका : तू सांगितलं नाहीस?

उल्हास : सांगणार आहे. आत्ता, आली की.

अनिका : वेट, मला पण एक समजलं नाही. त्र्यंबककाका असं खरंच म्हणाले होते का तुला? एनी ऑफ इट?

उल्हास : एक शब्द नाही. ऑपरेशनच्या वेळी मी पेशंटच्या डोक्याशी आणि तो छातीशी. उभा जन्म आम्ही दोघा मित्रांनी एकमेकांपासून दोन हातांवर काढला. क्रिकेट बोलायचा, शेअर्स बोलायचा, नागपूरच्या संत्र्यांवर तास तास बोलायचा. घरचं चकार शब्द नाही. आणि काचेचं तर त्याला माहीतच नव्हतं. त्याला वाटायचं, अमेरिकेत गाडीवरचा बर्फ आपोआप वितळतो.

अनिका : आर यू सीरियस?

उल्हास : अगं, मला एकदा विचारलं त्यानं, ‘उल्हास, तुझ्या गाडीवर एवढा बर्फ कसा साचतो रे, माझ्या गाडीवर नाही साचत.’ फार मोठा सर्जन होता. माणूस वाईट नव्हता. फक्त छाती उघडल्याशिवाय आत काय आहे ते त्याला दिसायचं नाही.

अनिका : मग तुला कसं माहीत, काचेचं?

उल्हास : आम्ही समोरच्या बिल्डिंगमध्ये राहायचो. तू तेव्हा झाली नव्हतीस. गॅरेज कुणालाच नव्हतं. पहाटे मी चहा ठेवायला उठायचो आणि खिडकीतून ती दिसायची. नाइटगाऊनवर त्र्यंबकचाच मोठा कोट, पायात त्याचेच बूट. आधी त्याची बाजू खरवडायची आणि मग माझी, कारण मी त्याच्याबरोबर जायचो. तिची स्वतःची गाडी शेजारी तशीच पांढरी. तुझी आई पण कधी येऊन उभी राहायची माझ्यापाशी. म्हणायची, अहो, त्या ठोंब्याला कुणीतरी सांगा.

अनिका : मॉमला पण माहीत होतं?

उल्हास : तिनंच तर मला बघायला शिकवलं. उत्तराच्या हातांकडे बघा, म्हणायची, हिवाळाभर भेगा असतात.

अनिका : सो बाबा, यू वेअर... तेव्हापासून?

उल्हास : छे छे. तेव्हा फक्त बघितलं. माझ्यापाशी तुझी आई होती ना. उत्तरा आवडायला लागली ती आता, ह्या दोन-तीन वर्षांत. शेजारी बसून हॅलोरनच्या चुका काढते, माझ्या ड्रायव्हिंगला नावं ठेवते, तेव्हा. अनिका, तुला खरं सांगू? क्लासचा गुरुवार सोडला तर माझ्याशी कुणी बोलत नाही. फार्मसीतली मुलगी जन्मतारीख विचारते, तेवढंच. मंडळात आता सगळी नवी पोरं आहेत, मला वाकून नमस्कार करतात आणि पुढे जातात. आमच्यातले निम्मे फ्लोरिडाला गेले, निम्मे वर. बुधवारी दुपारपासून मला बरं वाटायला लागतं, कारण उद्या गुरुवार. आणि ती चँडलरला गेली तर गुरुवार पण गेला.

अनिका : मग तू तुझ्या नावानं का नाही बोललास? व्हाय त्र्यंबककाका?

उल्हास : माझ्या नावानं तोंड उघडेना. तिच्या तोंडी इतकी वर्षं मी भाऊजी. मग ते दरबारी लेखक आठवले. त्यांची पण तीच पंचाईत. कुणी राजाचा चिटणीस, कुणी मुलांना शिकवणारा, कुणी पुढे बिशप झालेला. आपलं म्हणून प्रेमाचं लिहायची सोय नाही, म्हणून हजार वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी तोंडी घालायचं. आम्ही हॅलोरनला विचारलं, ह्यांचं स्वतःचं प्रेम कुणावर होतं? तर ती म्हणाली, त्याबद्दल कुणाला काहीच माहीत नाही.

अनिका : दॅट इज सो सॅड.

उल्हास : मला ती सोय वाटली.

अनिका : बाबा, लिसन. मावशीनं विचारलंय ना? दॅट्स युअर चान्स. जस्ट टेल हर. से, मी बघत होतो. तुझ्या नावानं सांग. ती रागावली तर रागावली.

उल्हास : हो. तेच ठरवलंय. ‘वहिनी, काचेचं त्र्यंबकनं नाही सांगितलं, मी पाहिलं होतं. बाकीचं पण मीच पाहिलं होतं. चँडलरला जाऊ नका.’ असं म्हणतो. बरोबर आहे ना?

अनिका : पर्फेक्ट आहे. पण वहिनी नको म्हणू, फॉर वन्स.

उल्हास : प्रयत्न करतो. ती आली बघ. दोन्ही हातांत कप आहेत, मला दार उघडायला हवं. ठेवतो.

अनिका : लव्ह यू, बाबा. कॉल मी!

उत्तरा : कोण, अनिका होती? ठेवलात कशाला, मी पण बोलले असते. हा घ्या तुमचा. झाकण नीट बसत नाहीये, जपून.

उल्हास : थँक यू. बरं वाटतंय का आता?

उत्तरा : वाटतंय. आत एक छोटी मुलगी आईला म्हणत होती, व्हाय इज दॅट ग्रँडमा क्रायिंग. म्हणून आटोपतं घेतलं. भाऊजी, मी फार तोडून बोलले मघाशी.

उल्हास : नाही हो. मलाच तुम्हाला एक सांगायचं होतं...

उत्तरा : आधी मला बोलू द्या, नाहीतर धीर व्हायचा नाही. गाडी नका सुरू करू अजून. तुम्ही विचारलंत ना, इथे काय वाईट आहे. मी निहारला दोन वर्षं सांगतेय, घर आवरायचंय, सामान आहे, डॉक्टर बदलायचे आहेत. सगळं खोटं. सामान केव्हाच आवरून झालंय. मी निघू शकत नाही, कारण मी त्या घरात काहीतरी शोधतेय.

उल्हास : काय?

उत्तरा : हसाल.

उल्हास : वहिनी, मी कधी हसलोय का तुम्हाला?

उत्तरा : त्यानं मला पाहिलं होतं का, ते शोधतेय. एवढंच. मारहाण नाही, भांडण नाही, कशाला कमी नाही. लोक म्हणायचे, उत्तरा, तुझा नवरा म्हणजे देवमाणूस. आणि देवासारखाच होता तो, मी बोलायची आणि समोरून उत्तर यायचं नाही. ती काच मी का खरवडायची? प्रेम होतं म्हणून, हो, पण आणखी एक होतं. मला वाटायचं, एक ना एक दिवस विचारेल, आज बर्फ कसा नाही? एकदा. मग मी सांगणार होते. किती हिवाळे मी ते वाक्य तयार ठेवलं होतं. नंतर गॅरेज असलेलं घर घेतलं आणि काच खरवडायचं कारणच संपलं. मला किती वाईट वाटलं होतं गॅरेज आलं तेव्हा! लोक पेढे मागत होते.

उल्हास : तुम्हीच का नाही सांगितलंत त्याला?

उत्तरा : सांगून काय अर्थ, भाऊजी? सांगितलं असतं तर ‘थँक यू’ म्हणाला असता. मला थँक यू नको होतं. अजून रोज त्याच्या कपाटापुढे उभी राहते मी. विचारते, बाबा रे, मी होते का तुझ्या घरात? कपाट पण त्याच्यासारखंच.

उल्हास : वहिनी...

उत्तरा : म्हणून विचारतेय. भांडायला नाही, खरंच नाही. फक्त हो की नाही सांगा. काचेचं तुम्हाला त्र्यंबकनं सांगितलं होतं का?

उल्हास : समजा, नसेल सांगितलं. समजा, मला दुसरीकडून कळलं असेल. तर?

उत्तरा : तर काय! तर तुम्ही एक चांगली असाइनमेंट लिहिलीत. तुम्हाला नव्वद मार्क. आणि मी घरी जाऊन पुन्हा शोधायला लागेन. कुठे जाणार नाही मी मग. निहारला नाही म्हणेन, खोली भाड्यानं जाईल, आणि मी त्या कपाटापुढेच मरेन एक दिवस.

उल्हास : आणि दर गुरुवारी क्लासला याल.

उत्तरा : येईन. दुसरं काय आहे? कॉफी सांडतेय तुमची, कप सरळ धरा.

उल्हास : त्र्यंबकनंच सांगितलं.

उत्तरा : काय?

उल्हास : काचेचं. त्र्यंबकनंच सांगितलं होतं मला.

उत्तरा : कधी?

उल्हास : तेव्हाच. वॉर्सेस्टरच्या त्या समोरासमोरच्या जुन्या बिल्डिंग्जमध्ये होतो ना आपण. मी त्याच्या गाडीत बसलो आणि दार जोरात ओढलं. तर म्हणाला, ‘हळू ओढ रे, उत्तरा आत्ताच परत जाऊन झोपलीय. काच साफ करून गेलीय.’

उत्तरा : त्र्यंबक म्हणाला? हे?

उल्हास : हे.

उत्तरा : मग मला का नाही बोलला कधी?

उल्हास : मी पण तेच विचारलं. म्हटलं, अरे, वहिनींना सांगितलंस का? तर म्हणाला, ‘सांगितलं की ती लाजेल, आणि मग मला बघायला नाही मिळणार.’

उत्तरा : बघायला?

उल्हास : खिडकीतून बघायचा तो. रोज. तुम्ही बाहेर पडलात की उठायचा आणि पडदा जरासा सरकवून उभा राहायचा. तुम्ही नाइटगाऊनवर त्याचाच कोट घालायच्या ना?

उत्तरा : त्याचाच. माझा इतका जाड नव्हता.

उल्हास : आणि त्याचेच बूट. म्हणायचा, ‘उल्हास, एवढ्या मोठ्या बुटांत ती अशी चालते की मला हसू येतं आणि मग कसंतरीच होतं.’ आधी त्याची बाजू करायच्या आणि मग दुसरी. म्हणायचा, ‘थंडीनं हात चोळते आणि पुन्हा सुरू करते. स्वतःची गाडी तशीच ठेवते, वेडी.’ तुम्ही परत फिरलात की पटकन पांघरुणात शिरायचा.

उत्तरा : पाय!

उल्हास : काय?

उत्तरा : अहो, पाय! मी परत येऊन झोपायची तेव्हा त्याचे पाय बर्फासारखे लागायचे. पांघरुणात असलेल्या माणसाचे पाय गार कसे? मला वाटायचं सर्क्युलेशनचं काहीतरी आहे. तपासून घे म्हणून मागे लागले होते मी त्याच्या. म्हणजे तो फरशीवर उभा असायचा अनवाणी!

उल्हास : असायचा.

उत्तरा : खिडकीशी.

उल्हास : रोज.

उत्तरा : आणि मी आपली झोपल्याचं नाटक करतेय, आणि शेजारी तो पण नाटक करतोय. काय माणसं होतो हो आम्ही! एक टिश्यू द्या. त्या खणात असेल.

उल्हास : घ्या. सगळा बॉक्सच घ्या.

उत्तरा : मी आयुष्यभर प्रत्येकाकडे पुरावा मागितला. आज नाही मागत. तुम्हाला शपथ घालत नाही की काही नाही. तुम्ही कशाला खोटं बोलाल, तुम्हाला त्यात काय मिळणार आहे?

उल्हास : काही नाही.

उत्तरा : मग इतकी वर्षं का नाही सांगितलंत मला?

उल्हास : त्यानं सांगू नको म्हटलं होतं. आणि नंतर... नंतर धीर नाही झाला. म्हणून त्याच्या तोंडून बोललो.

उत्तरा : बरं केलंत. रागावले मी, पण फार बरं केलंत. चला, गाडी काढा आता. किती हलकं वाटतंय मला, तुम्हाला सांगता यायचं नाही.

उल्हास : दिसतंय.

उत्तरा : निहारला आजच फोन करते. रविवार कशाला पाहायचा? येते म्हणून सांगते.

उल्हास : आजच? हे सेमिस्टर तरी होऊ दे. अजून त्या राजकन्येच्या लग्नाच्या कविता राहिल्यात, ती आंधळ्या कवीची गोष्ट राहिलीय.

उत्तरा : तुम्ही मला सांगा फोनवर. तुम्ही हॅलोरनपेक्षा चांगलं सांगता. नाही भाऊजी, आता हिवाळा यायच्या आत जाते. तिकडे बर्फ नाही, काही नाही. ऊन आहे आणि नात आहे. आता त्या घरात माझं काही राहिलेलं नाही. मला हवं होतं ते मिळालं.

उल्हास : जा. खरंच जा. निहारला किती बरं वाटेल.

उत्तरा : तुम्ही पण या की फेब्रुवारीत. खोलीत पाहुण्याची जागा आहे.

उल्हास : येईन.

उत्तरा : म्हणजे येणार नाही. ओळखते मी तुम्हाला. तुम्हाला काहीतरी सांगायचं होतं ना मघाशी? मीच मध्ये तोडलं.

उल्हास : ते काही नाही. तुमच्या गाडीला विंटर टायर लावायला हवेत, तेच सांगत होतो. आता गरज नाही.

उत्तरा : नाहीच. भाऊजी, एक विचारू?

उल्हास : विचारा.

उत्तरा : तुम्ही इतकी वर्षं रोज त्याच्याबरोबर जात-येत होतात. एवढं एकच नसेल बोलला तो माझ्याबद्दल. आणखी काही म्हणाला असेल ना? आत्ताच नका सांगू, आज एवढं पुरे. पण आठवेल तसं सांगत जाल मला? चँडलरला फोन करत जाल?

उल्हास : करत जाईन. दर गुरुवारी करीन. हळूहळू आठवेल, वहिनी. बरंच बोलायचा तो.